संगीतरत्न अब्दुल करीम खाँ आणि त्यांची हत्यारे

आपल्या गोंदिया जिल्ह्यात, तिरोडा तालुक्यात, नागझिऱ्याच्या अरण्याला लागून चोरखमारा नावाचे गाव आहे. तेथील तलाव आणि अरण्यात शिरण्याचे द्वार यांमुळे हे नाव आमच्या बहुतेक वाचकांच्या कानांवरून गेलेले असेल. गतवर्षी पावसाळा सरत असता त्या गावचा आमचा एक विद्यार्थी जुन्या लुगड्यात गुंडाळलेली एक लांबट वस्तू घेऊन आमच्याकडे आला. लुगडे उलगडून पाहतो तो आत विजेवर वाजणारी एक जुनी गिटार! मुलाचे चुलते ऐन उमेदीत नागपुरास एका वाद्यवृंदात ती वाजवीत असत. त्यांच्यामागे ती कित्येक वर्षे माळ्यावर पडून होती. तारा गंजल्या होत्या. तारा ताणण्याच्या सहा चाव्यांपैकी दोन डुगडुगत होत्या, कारण त्यांचे स्क्रू लाकडात धरत नव्हते. वायर जोडण्याची खालची बैठक ढिली होऊन जागच्या जागी फिरत होती. ही नीट होईल काय, असे त्या मुलाने आम्हांस विचारले. आम्ही तिच्याकडे पाहून न पाहिल्यासारखे केले, आणि जुन्याच्या नादी न लागता पुढेमागे नवी घ्यावी, असा उपदेश करून मोकळे झालो. मुलगा काही बोलला नाही. त्याने ते लुगडे पुन्हा नीट गुंडाळले आणि तो निघून गेला.

त्या रात्री आम्हांस स्वतःची लाज वाटली. लाज वाटण्याचे कारण असे की, त्याच सुमारास आम्ही या अंकासाठी एका थोर गवयाचे चरित्र वाचीत होतो, आणि त्या चरित्रातील जी गोष्ट आम्हांस सर्वांत अधिक आवडली होती तिच्याच विरुद्ध आमचे वर्तन घडले होते. ती गोष्ट अशी की, हिंदुस्थानभर ज्याच्या गळ्याची कीर्ती होती तो हा पुरुष प्रवासास निघताना तंबोऱ्याबरोबर वाद्ये दुरुस्त करण्याची हत्यारेही घेऊन निघत असे. त्या पुरुषाचे नाव खाँसाहेब अब्दुल करीम खाँ. त्यांचे अल्प चरित्र आम्ही आज विद्यार्थ्यांपुढे व त्यांच्या पालकांपुढे ठेवीत आहोत.

खाँसाहेबांचा जन्म ता. ११ नोव्हेंबर १८७२ रोजी उत्तर हिंदुस्थानात कैराना या गावी झाला. हे गाव यमुनेच्या काठापासून फार दूर नाही. त्या काळी ते मुजफ्फरनगर जिल्ह्यात मोडत असे, आज ते उत्तर प्रदेशाच्या शामली जिल्ह्यात आहे. ज्या गायनपरंपरेस आज सर्वत्र किराणा घराणे म्हणतात तिला हे नाव या गावावरूनच मिळाले. किराणा मालाच्या दुकानाशी तिचा काही संबंध नाही, हे बालवाचकांनी ध्यानात ठेवावे. वडिलांचे नाव काले खाँ. ते व चुलते अब्दुल्ला खाँ यांच्याजवळ मुलाचे पहिले शिक्षण झाले. घरी गाण्याबरोबर सारंगी आणि बीन यांचाही व्यासंग होता, आणि लहानग्या अब्दुल करीमच्या हाती प्रथम सारंगी आली.

सारंगी म्हणजे काय हे ज्यांनी जवळून पाहिले नसेल त्यांस एवढेच सांगतो की, तिच्यावर गजाने वाजवण्याच्या आतड्याच्या तीन मुख्य तारा असतात, आणि त्यांच्याखाली सुमारे पस्तीस बारीक धातूच्या तारा केवळ गुंजण्यासाठी बसवलेल्या असतात. प्रत्येक तारेस स्वतंत्र खुंटी. गवयाने राग बदलला की सारंगियास यांतील कित्येक तारा पुन्हा जुळवाव्या लागतात. हवा दमट झाली की तार उतरते, खुंटी सैल झाली की शेजारची तारही बेसूर भासते. अर्थात ज्याचे बालपण सारंगीच्या सहवासात जाते त्याचा कान आणि हात एकाच वेळी घडत जातात. सूर बिघडला हे कानाने ओळखावयाचे, आणि तो कोठे बिघडला हे बोटांनी शोधावयाचे. पुढे अब्दुल करीम यांनी सारंगी बाजूस ठेवून गायन हेच आपले जीवितकार्य ठरविले. तथापि बोटांस लागलेली ती सवय त्यांनी कधी सोडली नाही.

तरुणपणी ते आपले बंधू अब्दुल हक यांच्यासह बडोद्यास आले. सयाजीराव गायकवाड महाराजांच्या त्या नगरीत विद्या व कला यांस उदार आश्रय होता, आणि दरबारात या तरुण गवयांस मानाचे स्थान मिळाले. तेथेच सरदार मारुतीराव माने यांची कन्या ताराबाई यांस गाणे शिकवीत असता उभयतांचे मन जुळले. धर्म निराळा, प्रतिष्ठा निराळी. विवाहास घरची संमती मिळणे शक्य नव्हते. एकोणिसावे शतक संपत आले असता दोघांनी बडोदे सोडले आणि ती मुंबई इलाख्यात आली. दरबारचा आश्रय गेला. आता पोट भरावयाचे ते गावोगाव मैफली करून. दक्षिणेकडील या भ्रमंतीत त्यांचे पाय मिरजेस लागले, आणि मिरजेने त्यांस अखेरपर्यंत धरून ठेवले.

मिरज हे नाव आमच्या वाचकांस डॉक्टर वानलेस यांनी १८९४ साली स्थापिलेल्या मिशन रुग्णालयामुळे ठाऊक असेल. परंतु त्या गावाची आणखी एक कीर्ती आहे, आणि ती आमच्या आजच्या विषयाशी फार निगडित आहे. मिरजेस पूर्वी शिकलगारांची वस्ती होती. तलवारी, भाले यांस धार लावणे, म्यान व मुठी बसवणे हा त्यांचा परंपरागत धंदा. इंग्रजी अमलात शस्त्रांचे काम उतरणीस लागले आणि या कुशल हातांवर रिकामे बसण्याची पाळी आली. त्याच वेळी मिरजेचे पटवर्धन संस्थानिक गायनवादनाचे शौकीन होते, आणि त्यांच्या दरबारी दूरदूरचे कलावंत येत असत. कोणाची सतार प्रवासात उलली, कोणाच्या तंबोऱ्याची खुंटी मोडली, तर ती सुधारण्यास जवळपास कारागीर नसे. परंपरा असे सांगते की, १८५० च्या सुमारास फरीदसाहेब नावाच्या एका शिकलगाराने ही मोडकी वाद्ये हाती घेतली. प्रथम केवळ दुरुस्ती. दुरुस्ती करता करता वाद्याचे अंतरंग समजले, आणि पुढे मिरजेतच नवे तंबोरे व सतारी घडू लागल्या. पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूचे मोठे भोपळे आणि तुणीचे लाकूड यांपासून घडलेले हे तंबोरे मग हिंदुस्थानभर जाऊ लागले. या कारागिरांचे वंशज सतारमेकर या आडनावाने ओळखले जातात, आणि २०२४ साली मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन मिळाले. आपल्या मराठीत शस्त्रालाही हत्यार म्हणतात आणि कारागिराच्या अवजारालाही हत्यार म्हणतात. मिरजेच्या शिकलगारांनी एका हत्याराचे दुसरे हत्यार केले!

अशा गावी अब्दुल करीम खाँ येऊन राहिले. त्यांस स्वतःस वाद्याच्या दुरुस्तीचे उत्तम ज्ञान होते, आणि दौऱ्यावर असतानाही दुरुस्तीचा संपूर्ण संच त्यांच्याजवळ असे. विद्यार्थिमित्रहो, गवयास या खटाटोपाची गरज काय, असे तुमच्या मनात येईल. तर तंबोऱ्याची रचना थोडक्यात पाहू.

तंबोऱ्यास चार तारा असतात. खाली भोपळा, वर पोकळ दांडी, आणि शेंड्याशी चार खुंट्या. या खुंट्या लाकडी असून एका बाजूस निमुळत्या असतात. त्यांस स्क्रू नाही, दाते नाहीत. छिद्रात घट्ट दाबून बसल्यामुळे जे घर्षण होते तेवढ्यावर त्या तार धरून ठेवतात. उन्हाळ्यात लाकूड आकसते आणि खुंटी निसटते. पावसाळ्यात ते फुगते आणि खुंटी अडकून बसते. निसटत्या खुंटीस थोडा खडू लावून, फिरवतानाच आत दाबून बसवावे लागते. अडकलेलीस किंचित साबण लावून मोकळे करावे लागते. छिद्रच झिजून वाटोळेपणा गेला असेल तर ते साफ करून त्याच्या मापाची नवी खुंटी कोरावी लागते. उतावळेपणाने ठोकून बसवली तर दांडीचा शेंडा उलतो.

परंतु सर्वांत नाजूक काम घोडीचे. भोपळ्यावरील तबलीवर जी रुंद घोडी असते तिच्यावरून तारा जातात. घोडीची पाठ सपाट दिसली तरी ती किंचित उतरती असते, आणि तार तिला पुसटशी घासत राहते. त्या घासण्यातूनच तंबोऱ्याचा तो भरलेला, झणझणीत नाद उठतो. या गुणास जवारी म्हणतात. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा एक बारीक धागा सरकवून हा नाद खुलवतात, आणि घोडीपलीकडे तारेत ओवलेले मणी वरखाली करून सुराचा अगदी शेवटचा केसभर फरक काढून टाकतात. वर्षानुवर्षे वाजून घोडीवर तारेची खाच पडली की नाद मरतो. मग कानसीने ती पाठ पुन्हा घडवावी लागते. थोडे घासावयाचे, तार चढवून ऐकावयाचे, पुन्हा उतरवून थोडे घासावयाचे. यात घाई केली तर घोडी फुकट जाते, कारण घासून गेलेले परत येत नाही.

आता कल्पना करा. आगगाडीचा व बैलगाडीचा प्रवास, हमालांची धसफस, कोकणची दमट हवा आणि देशावरचा कोरडा वारा. गवई मुक्कामी पोहोचतो तो तंबोऱ्याची घोडी सरकलेली, खुंटी ढिली. सायंकाळी मैफल. गावात कारागीर नाही. ज्याचे सारे गाणे तंबोऱ्याच्या सुरात सूर मिळवण्यावर उभे आहे त्याने काय करावे? सामान्य गवई नोकरास बोल लावील आणि कसेबसे निभावून नेईल. खाँसाहेब आपली हत्यारे काढून बसत. त्यांच्या गाण्याचे वैशिष्ट्य जाणकार असे सांगतात की, ते एकेका स्वरावर फार वेळ, फार शांतपणे थांबत आणि त्या स्वराचा अगदी अंतर्भाग उघडून दाखवीत. विलंबित ख्यालाची त्यांची बढत याच धीराने चाले. ज्याने जवारी काढण्यासाठी घोडीशी घटकाघटका झोंबी घेतली त्यासच असा धीर साधतो, असे आम्हांस वाटते.

स्वराविषयीची ही काटेकोर वृत्ती त्यांस विद्वानांच्या जवळ घेऊन गेली. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले गृहस्थ हिंदी संगीतातील बावीस श्रुतींचे, म्हणजे सप्तकातील सूक्ष्म स्वरांतरांचे, गणित मांडण्याच्या खटपटीत होते. या विषयावरील त्यांचे पुस्तक १९१० साली प्रसिद्ध झाले. क्लेमेंट्स नावाचे इंग्रज न्यायाधीशही याच संशोधनात गढले होते. कागदावरचे गणित खरे की खोटे हे ठरवावयाचे तर अचूक सूर लावणारा गळा हवा. तो गळा अब्दुल करीम खाँ यांचा होता. या प्रयोगांच्या आधारे श्रुतींची एक विशेष पेटीही विलायतेत बनवून घेण्यात आली. श्रुतींविषयीचे वाद पुढे बरेच झाले आणि ते अद्याप मिटलेले नाहीत. आम्हांस त्यात शिरावयाचे नाही. परंतु परंपरागत तालमीत वाढलेला एक गवई आपला गळा मोजमापाच्या कसोटीस निःशंकपणे लावतो, ही गोष्ट लहान नव्हे.

१९१३ साली खाँसाहेबांनी पुण्यास आर्य संगीत विद्यालय स्थापन केले. त्या काळी घराण्याची विद्या ही घरातील तिजोरीसारखी जपली जात असे. बाहेरच्यास ती मिळणे कठीण. खाँसाहेबांनी मात्र आपली विद्या घराबाहेरच्या मुलांपुढे मोकळी केली. गरीब मुलांस राहण्याजेवणाची सोय देऊन ते शिकवीत. संस्थेचा खर्च मुख्यत्वे त्यांच्या व शिष्यांच्या तिकिटांच्या जलशांतून चाले. १९१७ च्या सुमारास मुंबईसही विद्यालयाची शाखा निघाली. शिष्यांत हिंदू होते, मुसलमान होते. कुंदगोळचे रामभाऊ, जे पुढे सवाई गंधर्व या नावाने गाजले, ते त्यांचेच शिष्य. बाळकृष्णबुवा कपिलेश्वरी, ज्यांनी पुढे गुरूचे विस्तृत चरित्र लिहिले, तेही याच छायेत वाढले. म्हैसूरच्या दरबारात खाँसाहेबांस वारंवार आमंत्रण असे, आणि त्या दरबाराने त्यांस संगीतरत्न ही पदवी दिली. दक्षिणेकडे जाता येता त्यांनी कर्नाटक संगीताचाही आदराने अभ्यास केला, आणि त्यातील जे रुचले ते आपल्या गाण्यात सामावून घेतले. परक्याची विद्या पाहून नाक मुरडणे त्यांस ठाऊक नव्हते.

येथवरची हकिकत ऐकून हे चरित्र म्हणजे केवळ यशाची चढती कमान आहे असे वाचकांस वाटेल. तसे ते नाही, आणि तसे ते रंगविणे आम्हांस अप्रामाणिकपणाचे वाटते. विद्यालयाची भरभराट होत असता घरातील सूर उतरत चालला होता. ताराबाई व खाँसाहेब यांचे बिनसले, आणि १९२२ च्या सुमारास ताराबाई पाचही मुलांस घेऊन वेगळ्या झाल्या. मुलांनी पित्याचे नाव टाकले. थोरले अब्दुल रहमान सुरेशबाबू माने झाले, चंपूताई हिराबाई बडोदेकर झाल्या, धाकट्या सकीना सरस्वतीबाई राणे झाल्या. जो पुरुष मोडलेली खुंटी कोरून बसवीत असे, केसभर उतरलेला सूर मण्याने चढवीत असे, त्यास आपल्या घरची ही तुटलेली तार पुन्हा जोडता आली नाही. दोष कोणाचा हे ठरविण्याचा अधिकार आमचा नाही. परंतु पालकहो, ही गोष्ट आम्ही मुद्दाम सांगितली. लाकडाची व धातूची दुरुस्ती शिकता येते, तिला हत्यारे मिळतात. माणसामाणसांतील नात्यासही वेळच्या वेळी हात लावावा लागतो, आणि तेथे एकदा फार घासले गेले म्हणजे घोडीप्रमाणेच गेलेले परत येत नाही.

तरीही सूर तुटला नाही, हे या कुटुंबाचे मोठेपण. सुरेशबाबू उत्तम गवई व त्याहून उत्तम गुरू झाले. हिराबाईंनी, कुलीन स्त्रीने सभेत गाणे निंद्य मानले जाई त्या काळी, तिकिटांच्या जाहीर मैफली करून पुढच्या गायिकांचा मार्ग मोकळा केला. १९७० साली त्यांस पद्मभूषण हा बहुमान मिळाला. आडनाव बदलले, पण गळ्यातील किराणा बदलला नाही.

खाँसाहेबांनी पुढील आयुष्य मुख्यत्वे मिरजेस काढले. तेथील ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यावर त्यांची दृढ श्रद्धा होती. ते तेथे नित्य सेवा म्हणून गात. ध्वनिमुद्रणाची कला हिंदुस्थानात नवीन असता, १९०५ साली त्यांच्या आवाजाच्या तबकड्या निघाल्या होत्या. आयुष्याच्या अखेरच्या काही वर्षांत, १९३४ च्या पुढे, त्यांनी पुन्हा तबकड्या दिल्या. तबकडीची एक बाजू म्हणजे जेमतेम तीन मिनिटे. ज्याने एका रागास तासभर द्यावयाचा त्याने तीन मिनिटांत काय सांगावे? परंतु त्या तीन मिनिटांनीही पुष्कळ काम केले. गदगच्या एका शाळकरी मुलाने खाँसाहेबांची तबकडी ऐकली आणि आपणासही असेच गावयाचे, या ध्यासाने १९३३ साली तो घरातून निघून गेला. गुरूच्या शोधात रानोमाळ हिंडून अखेर तो खाँसाहेबांचे शिष्य सवाई गंधर्व यांच्या दारी आला. तो मुलगा म्हणजे पुढे भारतरत्न झालेले पंडित भीमसेन जोशी. घरातून पळून जाण्याचे अनुकरण आमच्या विद्यार्थ्यांनी करू नये. ध्यासाचे करावे!

१९३७ सालच्या ऑक्टोबर महिन्यात खाँसाहेब मद्रासकडे गेले होते. तेथून आगगाडीने पाँडिचेरीस जात असता वाटेत त्यांच्या छातीत कळा येऊ लागल्या. रात्रीची वेळ. सिंगपेरुमाळकोईल नावाच्या लहानशा स्थानकावर ते शिष्यांसह उतरले. शिष्यपरंपरेत अशी हकिकत सांगतात की, फलाटावर अंथरूण घालावयास लावून त्यांनी तंबोरा काढण्यास सांगितले. तो सुरात लावण्यात आला, आणि दरबारी कानड्याच्या स्वरांत ईश्वराची प्रार्थना करीत त्यांनी देह ठेवला. ती तारीख २७ ऑक्टोबर. वय पासष्टाच्या उंबरठ्यावर. त्यांचा देह मिरजेस आणून दर्ग्याच्या आवारात दफन करण्यात आला, आणि त्यांच्या स्मरणार्थ त्या आवारात प्रतिवर्षी गायनवादनाचा उत्सव होत आला आहे.

त्या फलाटाचे चित्र आम्ही मनात पुष्कळदा उभे केले आहे. वैद्य नाही, गाव अनोळखी, भाषा परकी, अंधार. अशा वेळी मनुष्य काय मागेल? त्यांनी तंबोरा मागितला. आणि तो प्रवासातून आलेला तंबोरा त्या घटकेस सुरात लागू शकला, तो काही दैवाने नव्हे. चाळीस वर्षे त्याच्या खुंट्या, घोडी आणि तारा यांची जी निगा राखली गेली तिचे ते फळ होते. शेवटच्या क्षणी उपयोगी पडणारी वस्तू त्या क्षणी दुरुस्त करता येत नाही. ती आधी, कोणी पाहत नसता, नीट ठेवावी लागते.

आपल्याकडे हाताच्या कामास एक कमीपणा चिकटलेला आहे. मुलाने खुर्चीवर बसून लेखणी चालवावी, कानस व पेचकस इतरांनी चालवावेत, असे पुष्कळ पालकांस मनापासून वाटते. शिकलगार, सुतार, लोहार यांच्या मुलांसही आपल्या बापाचा धंदा सांगताना संकोच होतो, हे आम्ही वर्गात पाहिले आहे. अशा वेळी दरबारच्या मानाच्या पदव्या मिळविलेला गवई मांडीवर तंबोरा घेऊन कानशीने घोडी घासीत बसला आहे, हे चित्र डोळ्यांपुढे आणावे. गाणे श्रेष्ठ आणि घासणे कनिष्ठ, असा भेद त्यांनी केला नाही. एकावाचून दुसरे उभे राहत नाही हे त्यांस पक्के ठाऊक होते.

असो. आता चोरखमाऱ्याच्या त्या गिटारीचे काय झाले ते सांगून हा लेख पुरा करतो. दुसऱ्या सोमवारी आम्ही त्या मुलास बोलावून त्याची क्षमा मागितली आणि शाळेच्या सुतारकामाच्या खोलीत तिघेचौघे मिळून कामास बसलो. प्रथम सर्व तारा सैल करून काढल्या. गिटारीच्या चाव्यांस धातूचे दाते असतात, त्यामुळे तंबोऱ्याच्या खुंटीप्रमाणे त्या घर्षणावर अवलंबून नसतात. पण चावीची पट्टी ज्या स्क्रूने लाकडास धरते तो स्क्रूच ढिला झाला तर दात्यांचा उपयोग काय? मोठा स्क्रू पिळून बसवावा असे एकाने सुचविले. ते आम्ही केले नाही. जुन्या लाकडास मोठे छिद्र पाडणे सोपे, बुजविणे कठीण. त्याऐवजी बांबूची बारीक काडी तासून, सरस लावून, झिजलेल्या छिद्रात भरली. रात्रभर वाळू दिली. दुसऱ्या दिवशी तिच्यात लहानसे छिद्र पाडून, स्क्रूच्या आट्यांस थोडे मेण लावून तोच जुना स्क्रू हाताने हलकेच पिळला. त्याने धरले. वायरीच्या बैठकीची चाकी बाहेरून नुसती फिरवली असती तर आतील तार पिळून तुटली असती. म्हणून मागील झाकण काढून, आतून बैठक धरून मग चाकी आवळली. एक जोड सुटला होता, तो विज्ञानाच्या शिक्षकांनी झाळून दिला. पाच रुपयांचेही नवे सामान लागले नाही, नव्या तारा मात्र विकत आणाव्या लागल्या.

गिटार वाजली. फार चांगली वाजली असे नाही. मुलगा अजून शिकतो आहे. परंतु आता त्याच्या दप्तरात एक लहान पेचकस, मेणाचा तुकडा आणि बांबूच्या दोन काड्या असतात. त्या काड्या पाहिल्या म्हणजे आम्हांस मिरजेच्या त्या गवयाची आठवण होते, आणि न पाहता केलेला तो आमचा उपदेशही आठवतो. दोन्ही आठवणी आम्हांस हितकारक आहेत.